उजाड ढिगाऱ्यांवरचे रहिवासी



आपण घरांत विजेचा दिवा लावतों, तेव्हां त्या उजेडामागें बहुधा कोठें तरी कोळशाची एक खाण असते, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. खाण खोदतांना कोळशाबरोबर दगडमातीचे डोंगर वर येतात. कोळसा निघून जातो. ढिगारे मागें राहतात. अशा विद्रूप झालेल्या भूमीवर पुन्हां हिरवळ आणणें हें आपलें कर्तव्य आहे, असें कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणेल. परंतु तेथें वस्तीस आलेल्या कीटकांना हा उपकार मानवतो काय, हा प्रश्न आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे.

झेक देशाची राजधानी प्राग. तिच्या वायव्येस क्लाद्नो नांवाचें गांव आहे. तेथील दगडी कोळशाच्या खाणी २००२ सालीं बंद पडल्या. भोंवतालचे कांहीं ढिगारे रीतसर सुधारण्यांत आले: ते सपाट केले, त्यांवर सुपीक माती पसरली, गवत पेरलें, झाडें लावलीं. कांहींना मात्र कोणी हात लावला नाहीं; वाऱ्यानें आणलेलें बीं जेथें रुजलें तेथें रुजलें. रॉबर्ट त्रोपेक व त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही प्रकारच्या ढिगाऱ्यांवरील वनस्पति, कीटक व कोळी यांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध केले. दुर्मिळ व नष्ट होऊं घातलेल्या जातींना आसरा देण्यांत न सुधारलेले ढिगारेच सरस ठरले.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. एकएकट्या राहणाऱ्या कित्येक मधमाशा उन्हानें तापलेल्या मोकळ्या जमिनींत बीळ करून अंडीं घालतात. दाट गवत माजलें कीं त्यांना घर उरत नाहीं. कित्येक नाकतोडे व शिकारी भुंगेरे यांनाही उघडें रान लागतें. निकस मातींत वाढणाऱ्या खुरट्या वनस्पतींवर कांहीं फुलपाखरांच्या अळ्या पोसतात. जमीन सुपीक केली म्हणजे उंच गवत त्या वनस्पतींना दडपून टाकतें. युरोपांत पूर्वीं अशी मोकळी जागा गुरें चारल्यामुळें माळांवर राहत असे. खतें व नांगर यांच्या रेट्यांत ती नाहींशी होत गेली आणि तेथील कीटक निर्वासितांप्रमाणें खाणींच्या ढिगाऱ्यांवर येऊन राहिले. ग्रेलिंग नांवाचें तपकिरी फुलपाखरूं झेक देशांत फार विरळ झालें आहे; वायव्य बोहेमियांतील खाणींनीं उकरलेली जमीन हाच आतां त्याचा मोठा आधार आहे.

म्हणून सर्वच ढिगारे वाऱ्यावर सोडावे काय? तसें मी म्हणणार नाहीं. जेथें उतार खचतो, जेथून आम्ल पाणी झिरपतें, जेथील धूळ लोकांच्या घरांत शिरते, तेथें उपाय केलाच पाहिजे. आपल्याकडे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, वर्धेच्या खोऱ्यांत, उघड्या खाणींचे असे ढिगारे उभे आहेत. आपला पाऊस युरोपच्या पावसाहून फार निराळा. मृगाच्या सरींनीं उघडी माती वाहून ओढ्यांत व शेतांत शिरली, तर त्याचें दुःख शेतकऱ्यालाच भोगावें लागतें. शिवाय झाडांच्या सावलींत व पालापाचोळ्यांत राहणारे कीटकही आहेतच. तेव्हां क्लाद्नोचा निवाडा जसाच्या तसा येथें लागू करतां येणार नाहीं.

परंतु तेथील पद्धत आपण अवश्य घ्यावी. काम हातीं घेण्यापूर्वीं त्या जागीं कोणते कीटक राहतात हें पाहावें. उन्हाचा एखादा धोका नसलेला उतार तसाच मोकळा ठेवावा. सर्वत्र सुपीक माती पसरूं नये. लावावयाचीं तीं झाडें व गवतें त्या प्रांतांतलींच असावीं. आणि कामाचें यश जगलेल्या रोपांच्या संख्येवरूनच न ठरवितां, कांहीं वर्षांनीं कीटकांची पुन्हां मोजदाद करावी.

खाणीवर हजारों झाडें लावल्याची बातमी आपण वाचाल, तेव्हां आनंद अवश्य माना. पण झाडें लावण्यापूर्वीं तेथें कोण राहत होतें, एवढें मात्र विचारा.