मनगटास विसावा

मोटारसायकलची एक्सलरेटरची मूठ स्प्रिंगमुळें सदैव मिटूं पाहते; म्हणून लांबच्या प्रवासांत उजवें मनगट अवघडतें. त्यावर थ्रॉटल लॉक मिळतें. तें मूठ जागींच धरतें, वेग मात्र राखीत नाहीं. चढावर गाडी मंदावते, उतारावर धांवते.

निवडतांना माझी मुख्य अट ही, कीं कळ न शोधतां, हातमोजा घातलेल्या हातानेंहि मूठ तत्काळ मिटवितां आली पाहिजे. इंजिन बंद ठेवून दुकानांतच पाहावें. ब्रेकची दांडी दाबतांना लॉक आड येतां कामा नये. तळहाताखालची साधी पट्टी स्वस्त खरी, पण खड्ड्यांत हात दबला कीं गाडी उसळते.

मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकीस मज्जावच आहे. इतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर लॉक खुशाल लावावें. घाटांत, गर्दींत, पावसांत तें सोडूनच ठेवावें.