पुढच्या शिडावर, शेरूसोबत

मी कुर्ल्याचा. आमचं स्टेशन हार्बर लाइनवर, पण त्या लाइननं रोज जाणाऱ्या किती जणांनी हार्बर पाण्यातून बघितलंय, देव जाणे. आज बोलू या त्याच पाण्याबद्दल, आणि बोटीवर कुत्रा असेल तर कुठलं शीड लावायचं याबद्दल.

आम्ही नेतो तशा छोट्या बोटीला दोन शिडं असतात. डोलकाठीमागचं मोठं मेनसेल, त्याच्या खाली बूम नावाचा आडवा दांडा. आणि पुढचं तिकोनी शीड, जिब. मेनसेल न उघडता नुसत्या जिबवर जायचं, ही आरामाची पद्धत. वाऱ्यानं बाजू बदलली तरी डोक्यावरून दांडा फिरत नाही. आमचा शेरू, गल्लीतलाच देशी, मधोमध ताणून देतो. ‘खाली वाक’ म्हटलेलं कुत्र्याला कुठे कळतं? त्यामुळे हा फायदा खरा आहे.

ऑक्टोबर ते मे दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. गेटवेहून घारापुरीच्या दिशेनं निघालात की तो आडवा, किंचित मागून मिळतो. जिबला आणखी काय हवं! परतताना मात्र तोच वारा पुढून तिरका. एकट्या जिबवर बोट वाऱ्याकडे नीट चढत नाही, आणि ओहोटी असेल तर पाणी बाहेर, समुद्राकडे ओढतं. हे सगळं न्हावा-शेवाच्या मोठ्या जहाजांच्या वाटेत.

तरी उशीर होणं परवडतं. कुत्रा पाण्यात पडणं नाही परवडत.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही विचारतो, सिस्टिम बंद पडली तर कुठल्या अवस्थेत पडेल? मेनसेल असताना सुकाणू सोडलं की बोट बहुधा स्वतःहून वाऱ्याकडे तोंड करते आणि मंदावते. नुसत्या जिबवर वारा नाळेलाच ढकलतो, बोट वाऱ्यापासून वळते आणि चालत राहते. 4 नॉट वेग धरा, म्हणजे मिनिटाला 120 मीटर. पोहणाऱ्या कुत्र्याचं डोकं नारळाएवढं, आणि आपल्या हार्बरमध्ये तरंगते नारळ काय कमी आहेत?

मी हे मुद्दाम करून पाहिलं. शेरू घरी, पाण्यात दोरी बांधलेला रिकामा कॅन. जिबवर वाऱ्याच्या वरच्या बाजूला वळायला गेलो तर बोट अर्ध्यात थबकायची आणि परत खाली पडायची. तीन वेळा. कॅन शेवटी इंजिन लावून आणला.

जिब सोडा असं मी म्हणत नाही. शेरू असला की आम्ही जिबवरच जातो, पण इंजिन आधी सुरू करून तपासलेलं असतं आणि मेनसेल दोन मिनिटांत चढेल असं तयार असतं. शेरूच्या अंगात पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट. मूठ महत्त्वाची, ओला कुत्रा नुसत्या हातानं वर येत नाही. दोरी हार्नेसला, गळपट्ट्याला कधीच नाही, आणि इतकी आखूड की काठापर्यंत पोचूच नये. तरी पडलाच, तर एकानं फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हलवायची नाही. दुसऱ्यानं आधी जिब गुंडाळायचं, पाण्यात लोंबणाऱ्या दोऱ्या वर घ्यायच्या, मग इंजिन. दोऱ्या राहिल्या तर पंख्यात अडकतात.

जवाहर द्वीपाच्या बऱ्याच अलीकडे आम्ही वळतो. तिथे तेलाचं टर्मिनल आहे, जवळ जायची सोय नाही. वळायच्या आधी मेनसेल वर. शेरूला ते आवडत नाही, उठून खाली केबिनमध्ये जातो.