सोलापूरची खलनायिका : शशिकला

सोलापुरात ४ ऑगस्ट १९३२ रोजी जन्मलेल्या शशिकला जवळकर यांनी बालवयातच रंगभूमीवर नृत्यगायनाचे पाठ गिरविले. परंतु वडिलांच्या व्यापाराचे दिवाळे निघाल्यामुळे हे कुटुंब मुंबईस आले, आणि स्टुडिओंचे उंबरठे झिजवीत असता नूरजहाँ यांची कृपादृष्टी होऊन १९४५ च्या ‘झीनत’मधील कव्वालीच्या प्रसंगात त्यांचा प्रवेश झाला.

पुढे ‘सुजाता’त प्रसन्न, खेळकर रमा साकारूनही त्यांची कीर्ती दृढ झाली ती १९६२ च्या ‘आरती’तील कलहप्रिय जसवंतीमुळे, कारण जसवंतीविषयी प्रेक्षकांचा रोष जसजसा वाढे, तसतशी मीनाकुमारीच्या नायिकेविषयीची सहानुभूतीही वाढत जाई. या भूमिकेस, आणि लगोलग ‘गुमराह’मधील लीलेस, सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक लाभले. ही लीला विशेष अभ्यसनीय आहे : एका विवाहितेस तिच्या गुपितावरून धमकावून पैसे उकळणारी ही बाई वस्तुतः तिच्या बॅरिस्टर पतीनेच या कामावर तैनात केलेली त्याची सेक्रेटरी असल्याचे अखेरीस उघडकीस येते, म्हणजे दुष्टाव्याचे सोंग घेणाऱ्या स्त्रीचे सोंग वठवावयाचे, आणि तरीही तोवर कोणास यत्किंचित संशय येऊ द्यावयाचा नाही, असा तो दुहेरी भार होता.

उत्तरायुष्यात त्यांनी मदर तेरेसा यांच्या सान्निध्यात रुग्णसेवा केली. २००७ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, आणि ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. खलनायिकेची भूमिका दुय्यम मानणाऱ्यांनी ‘गुमराह’ एकवार अवश्य पाहावा.