कुंपणच शेत खाते तेव्हा

(ग्रंथालयाच्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



शेताच्या रक्षणासाठी घातलेले कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी? म्हणीतला हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे अक्षरशः उभा राहतो. जंतूंना ओळखून त्यांचा नाश करणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा कधीकधी आपला-परका हा विवेक हरवून बसते. ती सांध्यांवर उलटली की आमवात होतो, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ती मज्जातंतूंवर आणि मेंदूवरही उलटते, याची जाणीव फारशी नसते.

ग्वीयां, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी १९१६ साली दोन सैनिकांच्या ज्या दुर्बलतेचे वर्णन केले, तिच्या मुळाशी नसांवरील असाच हल्ला असतो. ल्युपस या विकारात आकडी, स्मृतिदोष, भ्रम अशी लक्षणे दिसू शकतात. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ साली ल्युपसमधील अशा मज्जाविकारांचे व मनोविकारांचे १९ प्रकार निश्चित केले.

मात्र सर्वांत चकवा देणारा विकार उमगला तो २००७ साली. जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूतील ‘एनएमडीए’ नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींना एकमेकींचे संदेश टिपता येण्याच्या एका साधनावर, प्रतिपिंडे चाल करून जात होती. या बाराही जणींच्या शरीरात गाठ होती, बहुतेकींच्या अंडाशयात. पुढे असेही दिसले की अनेक रुग्णांत गाठ मुळीच नसते आणि मुले व पुरुषही या विकाराला बळी पडतात.

२००९ साली न्यूयॉर्कमधील सुझाना कॅहॅलन ही चोवीस वर्षांची वार्ताहर अशीच आजारी पडली. आधी हात बधिर झाला, मग संशय, भास आणि झटके सुरू झाले. मद्य आणि कामाचा ताण यांवर ठपका ठेवला गेला. अखेर डॉ. सुहेल नज्जार यांनी तिच्या हाती कागद देऊन घड्याळ काढावयास सांगितले. तिने बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीने लिहिले. डावी बाजू कोरीच राहिली. मेंदूच्या उजव्या भागाला दाह झाल्याची ती खूण होती. उपचार झाले, त्याच वर्षी ती कामावर परतली आणि २०१२ साली आपल्या आजाराची कहाणी तिने पुस्तकरूपाने सांगितली.

हे परतणे शक्य होते, कारण या विकारात प्रतिपिंडे ग्राहकांना पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढून नेतात. पेशी सहसा मरत नाही. हल्ला थांबला की ग्राहक पुन्हा वर येतात. स्टिरॉइड, शिरेतून दिलेली प्रतिपिंडे, रक्तद्रवाची अदलाबदल, गाठ असल्यास शस्त्रक्रिया, असे उपचार केले जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांची प्रगती दोन वर्षे पाहता आली त्यांतील सुमारे ८१ टक्के रुग्ण चांगले सुधारले. उपचार जितके लवकर, तितकी आशा अधिक, हेही त्यातून स्पष्ट झाले.

म्हणूनच वेळ दवडणे महागात पडते. धडधाकट मुलगी आठ-पंधरा दिवसांत असंबद्ध बोलू लागली की घरचे कधी देवर्ष्याकडे धाव घेतात, कधी लोकलज्जेने दार लावून घेतात. मनोविकार म्हणजे कलंक नव्हे आणि प्रत्येक मनोविकारामागे हे कारण असते असेही नव्हे. परंतु भ्रमासोबत आकडी येत असेल, तोंडाच्या वा हातांच्या विचित्र हालचाली होत असतील, वाचा बंद पडत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञास तत्काळ दाखवावे. मेंदूचे छायाचित्र निर्दोष आले म्हणून निश्चिंत राहू नये; पाठीच्या कण्यातील पाण्याची प्रतिपिंडांसाठी तपासणी व्हावयास हवी.

‘वेड लागले’ हे दोन शब्द उच्चारावयास क्षणही लागत नाही. त्यांच्याआड बरा होऊ शकणारा एक आजार दडलेला असू शकतो, एवढे स्मरण घरोघरी राहिले तरी एखादे माणूस वेळेत वाचेल.