शेताची राखण आणि कायद्याची मर्यादा

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाच्या किंवा मक्याच्या शेतात शिरला, तर तो जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट नासधूस करतो. सकाळी शेतात पाऊल ठेवावे तो सारे शेत जणू कोणी उलटे नांगरून ठेवले आहे. रोह्यांची तऱ्हा निराळी. ते हरभरा आणि तुरीचे कोवळे शेंडे खुडत जातात, आणि त्यांच्या वजनाने पीक आडवे होते ते वेगळेच. बियाणे, खत, मजुरी यांवर झालेला खर्च आणि सावकाराचे वा सोसायटीचे कर्ज अशा सकाळी शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्याचा संताप समजून न घेता त्याला वन्यजीवप्रेमाचे धडे देणे हे शहरात बसून करण्याचे सोपे काम आहे.

हे संकट आजचे नाही. अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळधाड यांच्याबरोबरीने उंदीर आणि पोपट यांचीही गणना आपल्या पूर्वसूरींनी ‘ईतीं’मध्ये, म्हणजे पिकावरील अरिष्टांमध्ये केलेली आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात अग्नी, महापूर, रोगराई, दुष्काळ यांच्या पंक्तीला उंदीर आणि हिंस्र श्वापदे बसवली. उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे व मुंगसे सोडावीत, असे तो सांगतो. एवढ्यावर न थांबता ती मांजरे-मुंगसे जो पकडील वा मारील त्याला बारा पणांचा दंडही तो ठरवून देतो. उपद्रवी प्राण्याचा बंदोबस्त करताना उपकारक प्राण्याचा बळी जाऊ नये, हे भान त्या काळच्या राज्यशास्त्राला होते. आजच्या कायद्याकडे याच दृष्टीने पाहावे लागते.

आज खेड्यापाड्यांत सर्वाधिक चिंतेचा उपाय कोणता असेल, तर कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा. कृषिपंपाच्या जोडणीतून किंवा थेट खांबावर आकडा टाकून उघड्या तारेत घरगुती दाबाचा प्रवाह सोडला जातो. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले, बिबटे मेले. परंतु त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे या तारांनी माणसे मारली. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, बकऱ्यांमागे गेलेले पोर, आणि कित्येकदा स्वतः तार लावणारा शेतकरीच तिचा बळी ठरला. २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहत असतो. त्याने हाताचे स्नायू आखडतात आणि माणूस इच्छा असूनही तार सोडू शकत नाही. त्यात पाय ओल्या मातीत असले, तर वाचण्याची आशा फारशी उरत नाही.

असा मृत्यू घडला, तर ‘मी डुकरासाठी तार लावली होती’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही. निष्काळजीपणामुळे घडलेल्या मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. परिस्थिती पाहून त्याहून गंभीर असे सदोष मनुष्यवधाचे कलमही लागू शकते. आकडा टाकला असेल, तर विद्युत कायदा २००३ खाली वीजचोरीचा गुन्हा वेगळा. तारेला वाघ चिकटला, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे नाव काढले की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. वास्तविक या कायद्याने शेतकऱ्याचे हात सर्वस्वी बांधलेले नाहीत. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या त्याने अतिशय व्यापक ठेवली आहे, हे मात्र ध्यानात घ्यावे. बंदुकीने मारणे एवढीच शिकार नव्हे. विष घालणे, फासा लावणे, सापळ्यात पकडणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. तेव्हा बांधावर दुचाकीच्या क्लचवायरचा फास लावून ठेवला आणि त्यात काहीच अडकले नाही, तरी गुन्हा घडलेला असतो.

२०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची फेररचना झाली. रानडुक्कर आणि रोही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राणी मनुष्याला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरला असेल, तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे नोंदवून शिकारीची परवानगी देऊ शकतो. ‘मालमत्ता’ या शब्दात शेतातील उभे पीक येते, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्रात रोही व रानडुक्कर यांच्यापुरता हा अधिकार २०१५ मध्ये वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणण्यात आला. काळविटाचे मात्र तसे नाही. तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि पिकाच्या नुकसानीसाठी त्याच्या शिकारीची परवानगी मिळू शकत नाही.

कागदावर ही वाट सरळ दिसते. प्रत्यक्षात अर्ज करावा, परवानगी यावी, आणि मग परवानाधारक बंदूक असलेला माणूस शोधावा, तोवर कळप दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये आहे. परंतु निवडणूक आली की या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. डुकरांना आचारसंहिता ठाऊक नसते! मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता होतो. त्याचे मांस वाटून घेणे हा पुन्हा स्वतंत्र गुन्हा.

केरळने २०२२ मध्ये रानडुकरांच्या बाबतीत हा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांकडे सोपवला. निर्णय गावातच होऊ लागला, ही त्यातील जमेची बाजू. दुसरा मार्ग कलम ६२ चा. त्यानुसार केंद्र सरकार ठरावीक प्रदेशापुरते आणि मुदतीपुरते एखाद्या प्राण्याला ‘उपद्रवी’ घोषित करू शकते. बिहारमध्ये काही जिल्ह्यांसाठी अशी घोषणा झाली आणि जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात दोनशेहून अधिक रोही गोळ्या घालून मारण्यात आले. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर मतभेद झाले. शेतकऱ्याला हवी होती पिकाची सुरक्षितता. चर्चा मात्र प्राण्यांच्या प्रेतांच्या छायाचित्रांवर होत राहिली.

फास, विष आणि गावठी बॉम्ब यांचा खरा दोष असा की, समोर कोण आले आहे हे त्यांना कळत नाही. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड भागात स्फोटक भरलेले फळ खाल्ल्याने एक गर्भवती हत्तीण मेली, ते साऱ्या देशाने पाहिले. अशा फळाने गावातली गाय किंवा बैल मरतो, त्याची बातमी होत नाही.

मग करावे काय? सौरकुंपण हा यावरचा विचारपूर्वक काढलेला उपाय आहे. त्यातही वीजच असते, पण ती अखंड वाहत नाही. साधारणपणे सेकंदाला एक, अत्यल्प काळाचा झटका तारेतून जातो. दोन झटक्यांच्या मध्ये स्नायू सैल पडतात, म्हणून प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. यंत्र मात्र प्रमाणित असावे. घरच्या विजेवर जुगाड करून बनवलेला ‘झटका’ ही जुनीच मरणाची तार होय. डुक्कर कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा खालून घुसणे पसंत करते, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर हवी. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की प्रवाह जमिनीत उतरतो आणि कुंपण शोभेचे उरते. दर आठवड्याला गवत काढणारा माणूस नसेल, तर अनुदानाचे कुंपण दुसऱ्या वर्षी गंजते, हे अनेक गावांनी अनुभवले आहे. एकट्यादुकट्याने कुंपण घातले, तर कळप शेजाऱ्याच्या शेताकडे वळतो. दहा-बारा जणांनी मिळून सलग शिवाराला कुंपण घातले, तर खर्चही वाटला जातो. वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळते.

उंदरांची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने सोपी आहे. शेतातील नेहमीचे उंदीर आणि घुशी कोणत्याही संरक्षित अनुसूचीत नाहीत. पूर्वी ते उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते, ती अनुसूचीच आता राहिलेली नाही. तरी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा त्यांनाही लागू आहे. जनावराला तडफडत ठेवणारे चिकट सापळे वापरू नयेत, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे सांगणे आहे.

शेतात आदल्या संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील, तीच चालू बिळे. झिंक फॉस्फाइड वापरायचे, तर आधी दोन-तीन दिवस नुसते तेल लावलेले धान्य ठेवावे. उंदीर मोठा संशयी प्राणी आहे. नव्या खाद्याने पोट बिघडून तो वाचला, तर पुढे कित्येक दिवस त्या आमिषाकडे फिरकत नाही. ९६ भाग भरड धान्य, दोन भाग तेल आणि दोन भाग औषध असे प्रमाण असते. मिश्रण हातमोजे घालून, काठीने करावे. या विषावर उतारा नाही. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. शेतात पक्षिथांबे उभारले, तर रात्री घुबडे त्यांवर बसून हेच काम फुकट करतात. घुबडाला अशुभ मानून हाकलणारे घर आपल्याच कणगीचे नुकसान करते.

इतके करूनही नुकसान झाले, तर भरपाई हा शेतकऱ्याचा हक्क आहे. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ल्यास तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे. राज्याच्या २०२३ च्या कायद्याने भरपाई ३० दिवसांत देण्याचे बंधन घातले असून विलंब झाल्यास व्याज देय आहे. अर्जाची तारीख घातलेली पोच घेतल्याविना कार्यालयातून उठू नये. ते व्याज त्या तारखेवरच मागता येते. पीकविम्यातही वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा समावेश खरीप २०२६ पासून करण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांत छायाचित्रांसह मोबाइलवरून कळवणे आवश्यक आहे. ज्यांच्या घरी असा फोन वापरणारा तरुण नाही, त्यांची नावे शाखेच्या किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच लिहून ठेवावीत.