शाळा आपली, सल्ला बाहेरचा

(विहाराच्या वर्धापन दिनी राहू येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला शिक्षणावर दोन शब्द बोलायला सांगितले. 'शिका' हा शब्द आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पडद्यावर असतो. मी आज त्याच्या पुढची गोष्ट बोलणार आहे. आपलं पोर रोज शाळेत जातं, पण ते शिकतं का? आणि शिकत नसेल तर शाळा सुधारायची कुणी? जिल्हा परिषदेने, बाहेरून येणाऱ्या संस्थेने, की आपण?

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. नोकरीत असताना एका वर्षी आमच्या शाळेवर एका संस्थेच्या बाई आल्या. गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही. बाई म्हणाल्या, "गुरुजी, चौथीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून चार ओळी वाचायला लावू." मला खरं सांगायचं तर राग आला. माझा वर्ग, आणि बाहेरचं माणूस येऊन परीक्षा घेणार! पण घेतली. 31 पैकी 9 मुलांना त्या चार ओळी वाचता आल्या नाहीत. त्यातली सहा मुलं आपल्याच वस्तीतली होती. वर्गात सगळ्यांबरोबर कविता म्हणताना त्यांचा आवाज सर्वांत मोठा असायचा. मला दोन वर्षांत ते कळलं नव्हतं. ही चूक माझी होती, आणि ती दाखवायला बाहेरचं माणूस यावं लागलं.

म्हणून पहिली गोष्ट, बाहेरच्या सल्ल्याची लाज वाटून घेऊ नये. जोतिरावांनी अहमदनगरला जाऊन मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. नंतर 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली. सल्ला, अनुभव बाहेरून घेतला. शाळा मात्र स्वतःची उभी केली, आणि ती चालवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या.

आपल्या जवळचंच दुसरं उदाहरण फलटणचं आहे. अमेरिकेतून आलेल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन या भाषेच्या अभ्यासक. त्यांनी मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीत बघितलं, की शाळेत जाणाऱ्या मुलांनाही वाचता येत नाही. त्यांनी तिथूनच सुरुवात केली. सगळी बाराखडी घोकून घेण्याऐवजी थोडी अक्षरं घ्यायची आणि त्यांचे लगेच शब्द करायचे, वाक्यं करायची, मुलांच्या बोलीतली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. मूल मंद नाही, शिकवण्याची रीत चुकते, हे त्यांनी करून दाखवलं.

पण बंधूंनो, माझ्या शाळेची गोष्ट तिथं संपली नाही. त्या बाईंचा प्रकल्प वर्षभराचा होता. वर्ष संपलं, बाई गेल्या. तक्ते, कार्डं, गोष्टींची पुस्तकं कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. कारण पुस्तकं हरवली तर भरपाई गुरुजींनी करायची! वरून कुणी विचारलं नाही, खालून पालकांनी विचारलं नाही. त्या 9 मुलांतली चार वाचायला लागली होती. पाच तशीच पाचवीत गेली.

हे फक्त माझ्या शाळेत झालं असं समजू नका. 'प्रथम' ही संस्था मुंबईत महापालिकेच्या शाळांबरोबर काम करत मोठी झाली. इयत्ता बाजूला ठेवायची. ज्याला अक्षर येतं त्यांचा एक गट, शब्द वाचतात त्यांचा दुसरा, आणि रोज तास-दीड तास तेवढंच शिकवायचं, ही त्यांची रीत. ती खरंच चालते का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तपासलं. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच या रीतीने शिबिरं घेतली, मुलं पुढे गेली. पण शाळेच्या वर्षात नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा फरक पडला नाही. शिक्षक पुन्हा धडे संपवायच्या मागे लागले. पुढे हरियाणात 2012-13 ला सरकारने रोजचा एक तास राखून ठेवला. शाळांवर देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवलं आणि मग ते शाळेत जाऊन शिक्षकांशेजारी बसू लागले. तिथे मुलांचं वाचन सुधारलं.

शिक्षक तेच, मुलं तशीच. फरक एवढाच, की सल्ला वेळापत्रकात शिरला आणि वरचा माणूस वर्गात शिरला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांनी नुसते कागद न बघता पोरांचं वाचन ऐकलं.

आणि हे महाराष्ट्रात झालेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्याच शाळा बदलल्या. गावोगावचे शिक्षक तिथं बघायला गेले. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्यामागे असल्या शाळांचा अनुभव होता. सल्लागार नेहमी शहरातूनच येतो असं नाही, शेजारच्या तालुक्यातला शिक्षकही सल्लागार असतो. भीमा ओलांडली की शिरूर तालुका. तिथल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी गावकऱ्यांनी जमीन दिली, बाहेरच्यांनी इमारतीला मदत केली. पण गाव आधी पुढे आलं, मदत मागून आली, हा क्रम लक्षात ठेवा.

आता आपलं. राहू बेटात ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत. दिवाळीनंतर टोळ्या येतात, त्यांची पोरं फडात असतात. त्यात आपल्या समाजाचीही पोरं आहेत. ती दोन-चार महिन्यांसाठी आपल्या शाळेत आली, तर त्यांना मागच्या बाकावर नुसतं बसवून ठेवायचं की त्यांचा गट करून वाचायला शिकवायचं? हे पुण्याहून येणारा सल्लागार ठरवू शकत नाही. ते शाळेने आणि गावाने ठरवायचं आहे.

कायद्याने तो अधिकार आपल्याला दिलाय. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. पण आपल्यापैकी किती जण त्या सभेला जातात? रजिस्टर घरी येतं, आपण सही करतो, आयाबाया अंगठा देतात, आणि सभा झाली!

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या सभेला जा, विशेषतः भगिनींनी जावं. रंगरंगोटीचं आणि वॉल कंपाउंडचं बोलणं झालं की उभं राहून चार गोष्टी विचारा. वर्गातली किती मुलं एकट्याने वाचतात? जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी रोजचा कोणता तास ठेवलाय? बाहेरची संस्था येणार असेल तर ती गेल्यावर हे काम कोण चालवणार? आणि केंद्रप्रमुख साहेब आले होते तेव्हा त्यांनी कोणत्या मुलाचं वाचन ऐकलं? भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. पण उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसायचं नाही. गुरुजींनाही सांगतो, पालक विचारतात याचा राग मानू नका. मी मानला होता, त्यात माझं नाही, पोरांचं नुकसान झालं.

दुसरी विनंती विहाराला. इथं संध्याकाळी वंदना होते. त्यानंतर एक तास आपल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींनी लहानांचं वाचन घ्यावं. त्याला देणगी लागत नाही. सतरंजी आहे, लाईट आहे. गोष्टींची पुस्तकं शाळेच्या कपाटात असतील तर मुख्याध्यापकांकडून रीतसर सही करून आणू. फाटली तर फाटू द्या. वाचून फाटलेलं पुस्तक मला कुलपातल्या कोऱ्या पुस्तकापेक्षा कधीही बरं वाटतं.

त्या पाच मुलांतला एक जण मला मागे बाजारात भेटला. आता तो बाप झालाय. त्याने एक कागद पुढे केला आणि म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून दाखवता का?" त्याच्या मुलीच्या शाळेची सूचना होती. मी वाचून दाखवली. पण त्या दिवसापासून मला चैन नाही, म्हणून हे सगळं आज तुमच्यापुढे बोललो.

बाहेरचा माणूस येईल, चांगलं सांगेल, त्याचं ऐका, पारखून घ्या आणि पटलं तर करा. तो उद्या जाईल. जिल्हा परिषद राहील, शाळा राहील, आणि आपली पोरं तिथंच बसलेली असतील. त्यांचं वाचन ऐकायला कुणीतरी आपलं असलंच पाहिजे.