दोष कुणाचा, भरपाई कुणाची?



अमेरिकेतील दिवाणी दाव्यांचा विषय निघाला की एक गोष्ट हटकून सांगितली जाते. एका बाईने आपल्याच हाताने अंगावर कॉफी सांडून घेतली आणि कंपनीकडून लाखो डॉलर उकळले! ऐकणारा हसतो आणि विचारतो, 'माणसाने आपल्या चुकीचे माप आपल्याच पदरात घ्यावे की नाही?' प्रश्न रास्त आहे. पण न्याय करावयाचा तर आधी दप्तर पाहिले पाहिजे.

१९९२ साली आल्बुकर्की शहरी ७९ वर्षांच्या एक बाई उभ्या मोटारीत बसल्या होत्या. मॅक्डोनल्ड्सच्या दुकानातील कॉफीचा पेला गुडघ्यांत धरून त्या झाकण काढू लागल्या, तो पेला कलंडला. ही कॉफी कंपनीच्या नियमानुसार ८२ ते ८८ अंश सेल्सिअस इतकी ऊन ठेवली जाई. बाई खोलवर भाजल्या. आठ दिवस इस्पितळात काढावे लागले, कातडीचे कलम करावे लागले. त्यांनी प्रथम मागितले २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००. खटल्यात असे निघाले की, १९८२पासूनच्या दहा वर्षांत अशा सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या.

१९९४ साली ज्यूरीने दोषाची वाटणी केली : २० टक्के बाईंचा, ८० टक्के कंपनीचा. म्हणून दोन लाखांची भरपाई एक लाख साठ हजारांवर आली. शिवाय ठोठावलेला २७ लाखांचा दंड न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणला. पुढे उभयपक्षी तडजोड झाली. तेव्हा व्यक्तीची जबाबदारी कोर्ट विसरले, असे कसे म्हणावे? तिचे माप घालूनच निकाल झाला.

सुधारणावाद्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बेसुमार दंडाच्या धास्तीने विम्याचे हप्ते चढतात, डॉक्टर नको त्या तपासण्या करवितात, आणि हा भार अखेर गिऱ्हाइकावरच पडतो, असे ते म्हणतात. सदोष मालाच्या दाव्यांतील दंडास मर्यादा घालणारे विधेयक अमेरिकन काँग्रेसने १९९६ साली संमत केले. अध्यक्ष क्लिंटन यांनी ते नाकारले. टेक्सास राज्याने २००३ साली वैद्यकीय दाव्यांत वेदनांबद्दलची भरपाई डॉक्टरांपुरती अडीच लाख डॉलरांवर रोखली. आमचा प्रश्न एवढाच : ही कात्री कुणावर चालते? पगारदाराचे बुडालेले वेतन हिशेबात धरता येते. म्हातारा, गृहिणी, मूल यांचे नुकसान मुख्यतः वेदनेचेच असते. मर्यादा त्यांनाच आधी जाचते.

हा वाद आपल्यापासून दूर नाही. भोपाळच्या १९८४च्या वायुकांडातील पीडितांचे दावे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ साली हिंदुस्थानाकडे धाडले. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले की, घातक धंदा करणाऱ्याला अपघाताची सबब नाही, आणि जितका उद्योग मोठा तितकी भरपाई मोठी.

आम्हांस हे तत्त्व योग्य वाटते. ज्याला धोका आधी कळतो आणि टाळता येतो, त्याच्यावर जबाबदारीचा वाटा अधिक. पेला सांभाळणे हे आपले काम खरेच. पण तो किती ऊन द्यावा, हे आपल्या हाती नसते. लाखांचे आकडे ऐकून हसू येईल तेव्हा सातशे तक्रारींचा आकडाही आठवावा, एवढीच विनंती.